पत्र्याखालचा संगणक

गेल्या एप्रिलमधील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत असता निपाणीपलीकडच्या एका वाडीतील एक गृहस्थ दोन कागद हाती धरून उभे असलेले दिसले. तंबाखूचे पैसे त्याच आठवड्यात त्यांच्या हाती आले होते. पत्नीच्या विड्यांच्या मजुरीतून साठलेली रक्कम आणि मुंबईस असणाऱ्या मेहुण्याने पाठविलेले काही हजार यांची त्यात भर पडून थोरल्या कन्येसाठी संगणक घेण्याइतकी बेगमी झाली होती. कन्या संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजातील यंत्र आठवड्यातून जे दोन-तीन तास वाट्यास येते तेवढ्यावरच तिची आजवरची विद्या. हातातील दोन कागद म्हणजे दोन दुकानांची दरपत्रके होती.

"फादर, एकदाच घ्यायचं हाय. पुन्हा चार वर्सं एवढा पैसा उभा ऱ्हाणार न्हाई. ह्यातलं कुठलं घेऊ, तेवढं सांगा."

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञान शिकविण्यात आले. संगणकाचा धडा मात्र आम्ही ठेचा खात खातच गिरवला. परंतु हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आम्हांस पाच-सहा घरांतून विचारण्यात आला आहे, आणि प्रत्येक वेळी असे दिसून आले की, दुकानदार वेगाविषयी बोलतो, मुलगा दिव्यांविषयी बोलतो, बाप किमतीविषयी बोलतो. पण ते यंत्र ज्या खोलीत नांदावयाचे त्या खोलीविषयी कोणीच बोलत नाही. यास्तव त्या दिवशी पायरीवर बसून आमचे जे बोलणे झाले ते थोडे विस्ताराने येथे मांडीत आहोत.

पहिल्या दरपत्रकात इंटेल कंपनीचा 'कोअर आय-७ १३७००के' हा प्रोसेसर होता. यंत्र वापरलेले, पण चकचकीत. एका बाजूस काच आणि आत रंग बदलणारे चार पंखे. दुसऱ्यात त्याच कंपनीचा 'कोअर आय-३ १२१००' हा साधा, नवा प्रोसेसर, काळ्या पत्र्याच्या पेटीत. पहिल्याची किंमत थैलीच्या तोंडापर्यंत येत होती. दुसरा त्याहून तेवीस हजारांनी स्वस्त. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे शाळकरी मुलेही सांगतील. हा मेंदू विजेवर चालतो, आणि जेवढी वीज तो खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, हे मात्र सांगावे लागते.

जुन्या पिवळ्या दिव्याची आठवण वाचकांस असेलच. ६० वॉटचा दिवा अर्धा तास जळत राहिला की त्यास हात लावण्याची सोय नसे. दुसऱ्या कागदावरील आय-३ हा सुमारे ६० वॉटचा. जोर लावला असता थोडा वेळ ८९ वॉटपर्यंत जातो. पहिल्या कागदावरील आय-७ हा नावाने १२५ वॉटचा, परंतु पूर्ण जोरात असता २५३ वॉटपर्यंत चढण्याची त्यास कंपनीचीच मुभा आहे. म्हणजे चार पिवळे दिवे; आणि तेही खोलीच्या चार कोपऱ्यांत नव्हेत, तर अंगठ्याच्या नखाहून फार मोठी नसलेल्या एका चकतीत कोंबलेले! विक्रेत्याच्या कागदावर जो वॉटचा आकडा असतो तो बहुधा यांपैकी लहानच असतो. मोठा आकडा मागून घ्यावा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. मोठा प्रोसेसर सदासर्वकाळ तापतो असे नाही. पत्र लिहिताना, वर्तमानपत्र वाचताना तोही थोड्याच वॉटवर सुस्त पडून असतो. तापतो तो कामाच्या वेळी: चित्रफीत जुळविताना, मोठा प्रोग्राम बांधताना, खेळ खेळताना, किंवा आपल्या नकळत तो स्वतःची दुरुस्ती उतरवून घेत असताना. शिवाय जाणकार माणूस त्याच्या विजेवर मर्यादा घालून त्यास थंड ठेवू शकतो, हेही खरे. पण तेवीस हजार अधिक मोजून घोडा आणावयाचा आणि मग त्याचे पाय बांधावयाचे, हा व्यवहार शेतकऱ्यास पटण्याजोगा आम्हांस दिसत नाही.

आता खोलीकडे वळू. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे तेथील रात्री उन्हाळ्यातही सुसह्य असतात. निपाणीच्या बाजूस उतरावे तसा हा आराम कमी होतो. या गृहस्थांचे घर पत्र्याचे. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता पत्र्याखाली काय स्थिती असते हे आम्ही आजाऱ्यांच्या भेटीस जाताना अंगावर अनुभवले आहे. तेथे पारा ४० अंशांवर असेल तर नवल नाही. आणि संगणकाचा पंखा म्हणजे काही थंड हवेचे यंत्र नव्हे. तो केवळ खोलीतील हवा प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पात्यांतून फिरवितो. म्हणून प्रोसेसर खोलीहून थंड कधीही होऊ शकत नाही. तो खोलीहून अमुक अंश गरम, एवढेच असते.

हा हिशेब अगदी बेरजेचा आहे. समजा, एखादा प्रोसेसर अमुक एका कामात आपल्या पंख्यासह भोवतालच्या हवेहून ४५ अंशांनी तापतो. बंगलोरच्या एखाद्या कचेरीत हवा २५ अंशांची. तेथे तो ७० वर राहील. आमच्या पत्र्याखाली ४०; येथे तोच प्रोसेसर, तेच काम, आणि ताप ८५. त्यातच पंख्यात आणि पात्यांत धूळ साचून ४५ चे ६० झाले की बेरीज १०० होते. आणि वरील दोन्ही प्रोसेसरांची कमाल मर्यादा नेमकी १०० अंशांचीच आहे. तेथे पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. म्हणजे वेगासाठी मोजलेले पैसे नेमके उन्हाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत वाया जातात. दुकानात थंड हवेच्या यंत्राखाली बसून जो वेग दाखविण्यात येतो, तो त्या दुकानापुरता खरा असतो.

उष्णतेची ही अडचण आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातील माणसांनी बांधलेला पहिला मोठा संगणक १९६० साली कामास लागला. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असत तेच हे. व्हॉल्व्ह तापल्यावाचून चालतच नाही, आणि तापून तापून तो जातो. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला, चकती आली, आणि ही चिंता कायमची मिटली असे लोकांस वाटले. परंतु प्रोसेसरचे ठोके वाढवीत नेण्याच्या शर्यतीत ती पुनश्च उभी राहिली. २००४ साली इंटेलने 'पेंटियम ४' ची जी नवी आवृत्ती काढली ती शंभराहून अधिक वॉट खाणारी होती, आणि ४ गिगाहर्ट्झच्या ठोक्याचा पेंटियम आणण्याचा बेत त्या कंपनीस त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, 'कोअर २ ड्युओ' आला. ठोके कमी, वॉट ६५, आणि काम पूर्वीहून अधिक. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो. ग्रंथालयातील जुने यंत्र जाऊन नवे आले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा जो महासंगणक आहे त्याचे प्रोसेसर थंड ठेवण्यास तर नुसती हवा पुरत नाही. नळ्यांतून पाणी खेळवावे लागते. इतके आमच्या घरी कोण करणार?

शांततेचा उल्लेख निघालाच आहे, तर आवाजाविषयी सांगतो. कारण त्या पायरीवरील संभाषणात खरा निर्णय आवाजावरच झाला.

आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "संगणक कुठे ठेवणार?"

"माजघरात. दुसरी जागाच कुठली?"

"आणि तिथे निजतं कोण?"

ते क्षणभर थांबले. माजघरात त्यांचे वडील निजतात. त्यांना दम्याचा विकार असून रात्री दोन-तीन वेळा जाग येते. दिवसा सोप्यात विड्या वळण्याचे काम चालते, धाकटे येतात-जातात. म्हणून मुलीचा अभ्यास रात्री नऊनंतर सुरू होतो तो बारा-एकपर्यंत. म्हणजे आजोबांच्या उशापासून चार हातांवर ते यंत्र रात्रभर घुमणार.

पंख्याचा नियम असा आहे. फेऱ्या दुप्पट केल्या की हवा दुप्पट वाहते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानास आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तेव्हा हवा दुप्पट आणि कानास त्रास जवळजवळ तिप्पट, असा हा तोट्याचा सौदा आहे. त्यातून पंखा लहान असेल तर तेवढीच हवा ढकलण्यास त्याला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि आवाज बारीक होऊन कानात शिरतो. मोठा पंखा सावकाश फिरतो. त्याची घरघर छताच्या पंख्याच्या आवाजात विरून जाते. यावरून एक ध्यानी येईल: आवाज कमी करण्याचा मूळ उपाय भारी पंखा हा नसून मुळात कमी तापणारा प्रोसेसर हा आहे. उष्णता कमी, तर पंख्यास काम कमी. पंख्यास काम कमी, तर आजोबांस झोप. आणखी एक त्रास आहे, ज्याचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत नसतो. एकसारखा आवाज माणूस विसरतो. पण मोठ्या प्रोसेसरचा पंखा क्षणात उसळतो, क्षणात शांत होतो, पुन्हा उसळतो. निजलेल्या माणसाची झोपमोड होते ती या चढउताराने.

आता भरवशाविषयी. येथे आम्हांस आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे.

आम्ही प्रथम ज्या गावी नेमणुकीस गेलो तेथे मुंबईच्या एका उदार कुटुंबाने आपला जुना संगणक कार्यालयास दिला होता. प्रोसेसर त्या शंभर वॉटच्या काळातील. उंदीर आणि धूळ यांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून आम्ही सुताराकडून एक लाकडी कपाट करवून घेतले, यंत्र आत ठेवले, आणि दार लावून कुलूप घातले. तीन दिवस बसून बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीतील नोंदी उतरविल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून विमान उडावे तसा आवाज आला आणि पडदा काळा झाला. सकाळपासूनच्या नोंदी आम्ही जतन करून ठेवल्या नव्हत्या, त्या गेल्या. आम्ही दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले, त्याने पुरवठ्याचा डबा बदलला, पैसे घेतले. आठवड्याने पुन्हा तेच. त्या बिचाऱ्यास आम्ही नाही नाही ते बोललो, हे कबूल करतो. अखेर बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत काम करणारा गावचाच एक तरुण सुट्टीवर आला असता कार्यालयात डोकावला. त्याने कपाटाचे दार उघडले, आत हात घातला आणि म्हणाला, "फादर, भट्टीला बी धुराडं लागतंय की!" सुताराने कपाटाची मागची फळी काढली आणि ते यंत्र पुढे चार वर्षे चालले.

तेव्हापासून आम्ही भरवसा हा शब्द उच्चारतो तेव्हा केवळ प्रोसेसरकडे पाहत नाही. खरे सांगावयाचे तर प्रोसेसर हा संगणकातील सर्वांत चिवट भागांपैकी एक आहे. आधी जातो पंखा, मग वीजपुरवठ्याचा डबा, मग मदरबोर्डवरील कपॅसिटर. या कपॅसिटरांत ओला द्राव असतो, आणि तंत्रज्ञांचा ठोकताळा असा की, भोवतालची उष्णता १० अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणजे तापट प्रोसेसर स्वतः जगतो, आणि शेजाऱ्यांस मारतो. अशी माणसेही आपण पाहिली आहेत.

परंतु प्रोसेसरच बिघडावा असेही घडते, आणि ते नुकतेच घडले आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. चालू प्रोग्राम कोसळत, खेळ मध्येच बंद पडत. २०२४ च्या जुलैत कंपनीने मान्य केले की, प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते. आणि ऑगस्टपासून त्यावरील दुरुस्ती देण्यास प्रारंभ केला. खोक्यातून विकल्या गेलेल्या अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र जो प्रोसेसर आधीच झिजला तो त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. पहिल्या दरपत्रकातील १३७००के हा त्याच यादीतला. आणि यंत्र तर वापरलेले! मागील धन्याने दुरुस्ती उतरविली होती की नाही, त्याने त्यास किती राबविले, याचा पुरावा दुकानदारापाशी नव्हता. मूळ पावतीही नव्हती. आम्ही असे म्हणत नाही की ते यंत्र बिघडलेलेच होते. कदाचित दहा वर्षे चालले असते. पण चार वर्षांत पुन्हा पैसा उभा न राहणाऱ्या माणसाने कदाचित या शब्दावर किती पैसे लावावेत? ज्याच्यापाशी दुसरे यंत्र आहे त्याने खुशाल लावावेत.

दुसऱ्या कागदावरचा १२१०० हा २०२२ च्या आरंभी निघालेला. त्या दुखण्यातला नव्हे. दुकानदार नवा, खोक्यातील माल पावतीसह देत होता. येथे वाचकांस सांगून ठेवतो: खोक्यावाचून सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, परंतु त्याची हमी बहुधा कंपनीकडे थेट मागता येत नाही.

ते गृहस्थ आता अडले ते एकाच शंकेवर. "पण फादर, बारका घेतला आनि पोरीला पुढं कमी पडला तर?"

ही शंका रास्त आहे. आम्ही ती हसण्यावारी नेली नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात भाषा शिकावयाच्या, लहान-मोठे प्रोग्राम लिहावयाचे, विदागार हाताळावयाचे, असे काम असते. त्यास आय-३ चे चार गाभे पुरून उरतात. अडखळण होते ती स्मृती कमी पडल्याने किंवा जुन्या फिरत्या डिस्कमुळे. तेवीस हजारांतील काही रक्कम १६ गिगाबाइट स्मृती आणि एसएसडी यांवर घातली तर मुलीस जो वेग हाताला लागेल तो पहिल्या यंत्राहून फारसा वेगळा नसेल. उद्या तिने चित्रपटांचे संकलन किंवा तत्सम भारी काम पत्करले तर गोष्ट निराळी. तेव्हा ती स्वतः मिळविती असेल.

विजेचाही विचार झाला. खेड्यात वीज जाते ती न सांगता. घरगुती लहान यूपीएसची बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. पडद्यासह ६० वॉट खाणारे यंत्र तीवर अर्ध्या तासाच्या आसपास टिकते. २०० वॉट खाणारे दहा मिनिटेही कष्टाने. अर्धा तास म्हणजे लिहिलेले नीट जतन करून, चिमणी न शोधता, यंत्र बंद करण्यास भरपूर वेळ. बिलाचे म्हणाल तर १०० वॉटांचा फरक, दररोज पाच तास, महिन्याकाठी १५ युनिट.

काही वाचक विचारतील की, मग लॅपटॉप का नको? त्यात बॅटरी असते, प्रोसेसर १५ वॉटच्या जातीचा मिळतो. पुष्कळ घरांस तोच योग्य, असे आमचेही मत आहे. परंतु या घरात तंबाखूचा बारीक कोंडा हवेत असतो. लॅपटॉपचा चपटा पंखा एका हंगामात तुंबतो आणि तो उघडण्यास कारागीर लागतो. पेटीचे झाकण मुलगी स्वतः दोन स्क्रू काढून उघडू शकते. धाकट्या दोघांनाही पुढे तेच यंत्र वापरावयाचे आहे. या बाबतीत आमचे एक तरुण सहकारी धर्मगुरू आमच्याशी सहमत नाहीत, हेही सांगून टाकतो.

ज्यांची ऐपत याहून कमी आहे त्यांच्यासाठी कचेऱ्यांतून निघालेली वहीएवढी लहान यंत्रे शहरात मिळतात. त्यांच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'टी' असेल तर तो बहुधा ३५ वॉटचा समजावा. पत्र्याखालच्या घरास ही जात फार मानवते. मात्र आठव्या पिढीच्या आतला इंटेल प्रोसेसर घेऊ नये. कारण विंडोज १० चा पाठपुरावा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीपासूनच पुढे रीतीने चालते. अक्षरांचेच बोलत आहोत तर: 'के' म्हणजे वेग वाढविण्याची मोकळीक, अर्थात ताप अधिक, 'एफ' म्हणजे आत चित्र दाखविण्याची सोय नाही. 'एफ' स्वस्त दिसतो म्हणून घेतला की निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते, आणि घरात एक चूल नि एक पंखा वाढतो.

यंत्र आणल्यावरची काळजी थोडक्यात सांगतो. भिंतीपासून एक वीत अंतर ठेवावे. जमिनीवर ठेवू नये. केरसुणीची सगळी धूळ पंखा आत ओढतो. आमच्या भगिनींना संगणकावर विणकामाचे सुंदर आच्छादन घालण्याची हौस असते. ते यंत्र थंड झाल्यावर घालावे आणि सुरू करण्यापूर्वी काढावे. दर दोन महिन्यांनी वीज तोडून, झाकण काढून, कोरड्या मऊ ब्रशाने पंखा व पाती झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके आत घालू नये. तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरील मलम सुकते, ते कारागिराकडून बदलून घ्यावे. फार खर्च येत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, त्या घरी जाण्याचा योग आला. काळी पेटी माजघरात टेबलावर होती, खाली दोन विटा घालून टेबल उंच केलेले. मुलीने पडद्यावर प्रोसेसरचा ताप दाखविणारा आकडा आम्हांस उघडून दाखविला. दुपारी तीन वाजता ६१ होता, आणि ती तो रोज एका वहीत टिपून ठेवते. आजोबांस आम्ही विचारले की, रात्री त्रास होतो का. ते म्हणाले, "यंत्राचा न्हाई. ही पोरगी मधनं मधनं एकटीच हसती, त्येचा होतोय."

धाकट्या मुलाचे मन मात्र अजून त्या काचेच्या पेटीतल्या रंगीत दिव्यांत गुंतले आहे. ते यंत्र आमच्यामुळे हुकले, असे त्याच्या कानावर गेले असावे. आम्ही होतो तोवर तो परसातून घरात आलाच नाही.